रणभूमी पायाखालून गेली पाहिजे

(नागापूर येथील व्याख्यानाचा पाठ)

पहाटे पाचच्या सुमारास नागापुरातून मनमाड रस्त्याकडे पाहिले, तर दोन प्रकारची माणसे दिसतात. औद्योगिक वसाहतीतील रात्रपाळी संपवून घराकडे निघालेले कामगार ही एक. आणि लष्करात किंवा पोलिसात भरती व्हावे म्हणून सोळाशे मीटरचा सराव करणारी तरुण मुले ही दुसरी. अंगावर मालमोटारींच्या दिव्यांचे झोत येत असतात, आणि मुले कडेच्या मुरुमावरून धावत असतात. त्यांच्या डोळ्यांसमोर गणवेश असतो, कानांत घड्याळाची टिकटिक असते. आपण कोणत्या भूमीवरून धावत आहोत, हा प्रश्न त्यांना पडत नाही. कारण तो त्यांना कोणी घालूनच दिलेला नाही.

वस्तुतः सीनेच्या काठचा हा परिसर मुळात रणभूमीच आहे. २८ मे १४९० रोजी मलिक अहमद याने बहामनी सेनापती जहांगीरखानाच्या सैन्याचा भिंगारच्या परिसरात पराभव केला. इतिहासात ही लढाई ‘बागेची लढाई’ म्हणून ओळखली जाते, ती एका कारणामुळे. विजयाच्या जागी मलिक अहमदने वाडा उभारला आणि बाग लावली. पुढे १४९४ साली त्याच परिसरात त्याने आपले शहर वसवले. त्या बागेच्या जागी नंतर भुईकोट किल्ला उभा राहिला. ज्या शहराला पाच शतके अहमदनगर म्हटले गेले आणि २०२४ पासून जे अधिकृतपणे अहिल्यानगर झाले, त्या शहराचा जन्मच असा रणभूमीवरचा आहे. रणभूमीचे उद्यान करण्याची कल्पना पाश्चात्त्यांनी शोधून काढली असे मानणाऱ्यांनी सीनेच्या काठी येऊन जावे.

किल्ल्याला तट असतो, मंदिराला शिखर असते, समाधीला चौथरा असतो. रणभूमीला यातले काहीच नसते. ती म्हणजे एखादा माळ, एखादी खिंड, ओढ्याचे वळण, चार बांध आणि त्यावरची बाभळ. लढाई संपते, मृतांची व्यवस्था होते आणि पुढच्या पावसाळ्यात तेथे पेरणी होते. यात काही वावगेही नाही. शेतकऱ्याने नांगर थांबवावा तरी किती दिवस? परंतु त्यामुळे होते असे की, प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी केलेला कायदा संरक्षित वास्तूभोवती शंभर मीटरांचे प्रतिबंधित आणि त्यापुढे दोनशे मीटरांचे नियंत्रित क्षेत्र आखून देतो. पण जेथे वास्तूच नाही, त्या जागेला हे कवच कोठून मिळणार? तट पाडला तर निदान बोभाटा होतो. रणभूमीचे भूखंड पडतात, मुरूम उचलला जातो, ओढा बुजवला जातो आणि कोणाला काही गमावल्याचे जाणवतही नाही.

या जिल्ह्यापुरते बोलायचे, तर दोन रणभूमींची नावे आधी घ्यावी लागतात : भातवडी आणि खर्डा.

भातवडी म्हणजे आजचे भातोडी. शहराच्या पूर्वेस पंधरा-वीस किलोमीटरवर हे गाव आहे. १६२४ साली येथे जी लढाई झाली तिच्यात एका बाजूस निजामशाहीचा वजीर मलिक अंबर होता, तर दुसऱ्या बाजूस बादशहा जहांगीरची मोगल फौज आणि तिला येऊन मिळालेली विजापूरची आदिलशाही फौज होती. नगरचा किल्ला त्या वेळी मोगलांच्या हाती होता, हे ध्यानात घेतले म्हणजे लढाई येथेच का झाली ते उमगते. आदिलशाही सेनापती मुल्ला महंमद लारी आणि मोगल सरदार लष्करखान यांचे एकत्रित बळ मोठे होते. समोरासमोर भिडण्यात शहाणपण नव्हते. म्हणून अंबरने शत्रूला झुलवले, त्याची रसद तोडली, रात्री-अपरात्री छापे घातले आणि भातवडीच्या तलावाचा बांध फोडून पाणी सोडले. आधीच पावसाने भिजलेली जमीन चिखलाने भरून गेली. जड तोफा, भरलेले गाडे आणि जाडजूड सरंजाम घेऊन आलेले सैन्य जागच्या जागी रुतले. मुल्ला महंमद मारला गेला, लष्करखान व इतर सरदार कैद झाले आणि खंजरखान कसाबसा निसटून नगरच्या किल्ल्यात शिरला.

या लढाईत निजामशाहीकडून लढलेल्यांत शहाजीराजे होते आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजीराजेही होते. शरीफजी रणात पडले. भातोडी पारगाव येथे त्यांची समाधी आहे. कवींद्र परमानंदाने ‘शिवभारता’त या संग्रामाचे वर्णन केले आहे आणि दोन्हीकडच्या योद्ध्यांची नावे नोंदवली आहेत. ती यादी वाचताना अभ्यासकाला थोडे थबकावे लागते. कारण मोगलांच्या बाजूला लखुजी जाधवराव आहेत, म्हणजे जिजाऊंचे वडील. एकीकडे जावई, दुसरीकडे सासरा. सेनापती हबशी आहे आणि त्याच्या झेंड्याखाली भोसले आहेत. पुढच्याच वर्षी अंबराशी बिनसल्याने शहाजीराजे विजापूरकरांकडे गेले, त्याच विजापूरकरांकडे ज्यांचा त्यांनी भातवडीत पराभव केला होता. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो. तो सोपा करून सांगण्याचा मोह वक्त्यांना फार होतो, आणि सभेत टाळ्याही त्यालाच पडतात. पण स्वतःचे राज्य असण्याची गरज शिवरायांना का भासली असेल, हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने भातवडीच्या बांधावर उभे राहून या यादीचा विचार करावा. आपल्याच माणसांनी दोन परक्या सिंहासनांसाठी एकमेकांवर तलवार धरायची, ही स्थिती शिवजन्माच्या अवघी सहा वर्षे आधीची आहे.

भातवडीचे मर्म पुस्तकात कळत नाही, हा खरा मुद्दा आहे. ‘बांध फोडला आणि शत्रू चिखलात रुतला’ हे वाक्य वाचायला दोन सेकंद लागतात. मात्र पावसाळ्यात नगरच्या काळ्या रानातून ज्याने अर्धा कोस चालून पाहिले आहे, त्याला ते वाक्य वेगळे दिसते. चार पावलांत वहाणेला दोन-दोन किलो माती चिकटते. वहाण हातात घ्यावी, तर पाऊल घोट्यापर्यंत आत जाते. मग ओझ्याचा बैल, तोफेचा गाडा आणि चिलखती घोडेस्वार यांचे काय झाले असेल ते कोणी सांगावे लागत नाही. उतार कोणत्या दिशेला आहे, पाणी कोठे धावेल, कोठे साचेल, हे नकाशावर दिसते खरे. पण ते पटते पायांना. मराठीत एखादा मुलूख ‘पायाखालून घालणे’ असा वाक्प्रचार आहे. मलिक अंबराने भातवडीचा परिसर पायाखालून घातला होता, म्हणून त्याला तलाव हे शस्त्र म्हणून दिसले. त्याच्या शत्रूला तेथे फक्त छावणीसाठी पाणी दिसले.

खर्ड्याची कहाणी वेगळी आहे. जामखेड तालुक्यातील हे गाव शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. सुलतानराव निंबाळकरांनी १७४३ साली बांधलेला चौकोनी भुईकोट तेथे आजही उभा आहे. ११ मार्च १७९५ रोजी येथे पेशव्यांच्या झेंड्याखाली शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले आणि पटवर्धन असे सारे मराठे सरदार एकत्र आले होते. सेनापती होते परशुरामभाऊ पटवर्धन. सूत्रधार अर्थातच नाना फडणवीस. समोर हैदराबादचा निजाम अली आणि त्याच्याकडे फ्रेंच सेनानी रेमंड याने कवायत शिकवलेली पायदळ पलटणे. दोन्ही बाजूंची संख्या लाखाच्या घरात होती, पण प्रत्यक्ष हातघाई त्या मानाने थोडी झाली. पाहणीसाठी पुढे गेलेले परशुरामभाऊ जखमी झाले आणि त्यांचे पुतणे विठ्ठलराव पडले. तरीही दिवस मावळता मावळता निजामाच्या सैन्यात गोंधळ माजला. रात्रीच निजाम अली खर्ड्याच्या कोटात जाऊन बसला आणि तेथे कोंडला गेला. तह झाला, दौलताबादसह मोठा मुलूख आणि तीन कोटी रुपये कबूल करून घेण्यात आले, आणि निजामाचा दिवाण मराठ्यांच्या स्वाधीन झाला.

सगळे मराठा सरदार एका झेंड्याखाली लढले अशी ही अखेरची मोठी लढाई. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सवाई माधवरावांचा शनिवारवाड्यात अंत झाला आणि मिळवलेले बरेचसे निसटून गेले. ८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने नगरच्या पेठेच्या तटावर शिड्या लावल्या आणि चार दिवसांनी, १२ ऑगस्टला, किल्ला त्याच्या हाती गेला. खर्ड्यापासून पुरती साडेआठ वर्षेही उलटली नव्हती. खर्ड्याच्या विजयाचा आनंद जरूर मानावा. पण ज्याला हा आनंद साजरा करायचा आहे, त्याने त्याच आठवड्यात नगरच्या पेठेतूनही एक फेरी मारावी. एकट्या खर्ड्याला जाऊन येणे म्हणजे अर्धेच पुस्तक वाचणे होय.

अलीकडे खर्ड्याच्या किल्ल्यावर वर्दळ वाढली आहे, उंच ध्वज उभारला गेला आहे, आणि याच तालुक्यातील चौंडी हे पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे जन्मस्थान असल्याने लोकांची पावले तिकडेही वळतात. हे चांगलेच आहे. परंतु येणारा माणूस किल्ला पाहतो, छायाचित्र काढतो आणि गाडीत बसतो. लढाई किल्ल्यात झालीच नाही. किल्ला हा निजामाच्या पळण्याचा शेवट होता. लढाई बाहेरच्या रानात, खर्ड्याहून परांड्याकडे जाणाऱ्या वाटेवर झाली. त्या रानातून चालायला कोणी सांगत नाही.

महाराष्ट्रात रणभूमीची वाट खऱ्या अर्थाने जिवंत राहिली आहे ती एका ठिकाणी : पन्हाळा ते पावनखिंड. १२ जुलै १६६०, शके १५८२ च्या आषाढी पौर्णिमेची रात्र. सिद्दी जौहरचा वेढा मार्च महिन्यापासून पन्हाळ्याला आवळून होता. भर पावसात शिवराय मोजक्या सुमारे सहाशे मावळ्यांसह गड उतरले. त्यांचे सोंग घेऊन पालखीत बसलेले शिवा काशीद शत्रूच्या हाती लागले आणि त्यांनी प्राण दिले. सिद्दी मसूदने पाठलाग केला. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे उभे राहिले, फुलाजीप्रभूही होते. आणि राजे विशाळगडाकडे निघाले. विशाळगडाच्या पायथ्याशी सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी यांचा वेगळाच वेढा होता. सबंध रात्र आणि अर्धा दिवस चिखल तुडवल्यानंतर तो फोडूनच गडावर चढावे लागले. ही शेवटची झुंज सांगायची बऱ्याचदा राहून जाते.

दरवर्षी जुलै महिन्यात हजारो लोक ही वाट चालतात. मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, पाटेवाडी, पांढरेपाणी ही नावे त्यांच्या तोंडी बसलेली असतात. पन्नासहून अधिक किलोमीटरची ही चाल बहुतेक जण दोन दिवसांत पुरी करतात. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत घोषणा चालतात. दुपारनंतर घोषणा थांबतात आणि लोक पायांकडे पाहू लागतात. आणि मग कधीतरी, बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी बूट ओले आणि खांदे सुजलेले असताना, मुलांपैकी कोणीतरी विचारते, “हे लोक रात्रीत आले? अंधारात? पालखी खांद्यावर घेऊन?” हा प्रश्न वर्गात कोणी विचारत नाही. त्या एका प्रश्नासाठी ही दोन दिवसांची चाल आहे असे म्हटले तरी चालेल.

पण या वाटेचेही दुखणे आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बाजीप्रभूंचे नाव घेत चालणाऱ्यांच्या मागे बिस्किटांची वेष्टने आणि पाण्याच्या बाटल्या पडलेल्या असतात. वाटेवरच्या वाड्यांत जुलैमध्ये भाताची रोपलावण चालू असते. एकाच दिवशी शेकडोंचा जथा बांधावरून गेला की बांध ढासळतो, आणि तो पुन्हा बांधायला जथ्यातील कोणी येत नाही. मसाई पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळालेला आहे, त्याची फुले-गवते नाजूक आहेत. ज्या वाडीतल्या लोकांनी पडवीत जागा देऊन रात्री पिठले-भाकरी वाढली, त्यांच्या अंगणात सकाळी कचरा सोडून निघणे हे कोणत्या शिवभक्तीत बसते? पुण्यस्थळी जाऊन आलेल्याचे आचरण बदलले नाही, तर तो फक्त प्रवास करून आला, एवढेच म्हणावे लागेल.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांची जागतिक वारसा म्हणून नोंद केली. त्यात पन्हाळा आहे. ‘भूप्रदेश’ हा शब्द फार योग्य आहे, कारण सह्याद्रीची भूमी हाच स्वराज्याचा मोठा किल्ला होता. तरीही यादीत किल्ले आहेत. किल्ल्यांना जोडणाऱ्या वाटा आणि खिंडी नाहीत. पन्हाळ्याचा तट वारसा ठरला, पण त्या तटावरून उतरून ज्या वाटेने स्वराज्य वाचले ती वाट अजून वाड्यांतल्या लोकांच्या भरवशावरच आहे.

जगाने या बाबतीत काय केले आहे? ‘मॅरेथॉन’ हा शब्द आज सर्वतोमुखी आहे. पण ते एका रणभूमीचे नाव आहे हे धावणाऱ्यांपैकी किती जणांना आठवते? इसवी सनापूर्वी ४९० मध्ये ग्रीसमधील त्या मैदानावर अथेन्सने इराणी फौजेला परतवले. तेथे पडलेल्या १९२ अथेनियनांवर उभारलेला मातीचा उंचवटा आजही आहे. विजयाची वार्ता घेऊन धावलेल्या दूताच्या कथेवरून १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये ही शर्यत ठेवण्यात आली आणि ती जिंकली स्पिरिडॉन लुई या ग्रीक धावपटूनेच. दक्षिण आफ्रिकेत पहिल्या महायुद्धात पडलेल्या साथीदारांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅफम या माजी सैनिकाने १९२१ मध्ये डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग यांच्या दरम्यान सुमारे नव्वद किलोमीटरची ‘कॉम्रेड्स’ धाव सुरू केली. सैनिक ज्या कष्टांतून गेले, त्यांची आठवण कष्टानेच जागवावी, ही त्यामागची भावना. महायुद्धाचा काळ वगळता ती दीर्घकाळ चालू राहिली.

अमेरिकेत अटलांटाजवळ केनेसॉ माउंटन येथे जून १८६४ मध्ये तेथील यादवी युद्धातील लढाई झाली. ती सुमारे २९०० एकर जागा आज राष्ट्रीय रणभूमी उद्यान आहे. आसपासच्या वस्त्यांतील माणसे सकाळी तेथे चालायला, धावायला येतात. बत्तीस-पस्तीस किलोमीटरच्या पाऊलवाटा झाडीतून जातात. कडेला सैनिकांनी खणलेले मातीचे मोर्चे तसेच ठेवलेले आहेत. नियम एकच कटाक्षाने पाळायचा : वाट सोडायची नाही, मोर्च्यांवर चढायचे नाही; कारण दीडशे वर्षे पावसाला पुरून उरलेला मातीचा बांध माणसांच्या पायांनी दहा वर्षांत सपाट होतो. वॉटर्लूला याच्या उलट झाले. स्मारक म्हणून मातीची टेकडी रचून तिच्यावर सिंह बसवला, ते काम १८२६ मध्ये पुरे झाले. माती आणली कोठून, तर त्याच रणभूमीवरून! ज्या चढाच्या आडोशाने वेलिंग्टनने लढाई जिंकली, तो चढच स्मारकाने खाल्ला. हा वेलिंग्टन म्हणजे नगरची पेठ घेणारा तोच आर्थर वेलस्ली. स्मारके उभारण्याची घाई झालेल्या सर्वांनी वॉटर्लूची ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे रणभूमीविषयी आस्था जागी झाली की पहिली मागणी असते कमान, पुतळा आणि सभागृह यांची. त्यासाठी जेसीबी लागतो. आणि जेसीबीला उतार, ओढा, बांध यांतले काही ओळखता येत नाही.

पानिपतला काला आंब येथे स्मारक-उद्यान आहे. १४ जानेवारीला मराठी माणसे तेथे जाऊन माथा टेकवतात. उद्यानाच्या भिंतीबाहेर शहर आहे, महामार्ग आहे, शेते आहेत. सदाशिवरावभाऊंची फळी कोठून कोठवर होती हे चालून पाहायचे म्हटले, तर तेथे आता वाट सापडत नाही. भातवडी आणि खर्ड्यावर ती वेळ अजून आलेली नाही, कारण तेथे अद्याप शेते आहेत. शेत हा रणभूमीचा सर्वांत चांगला राखणदार असतो. भूसंपादनाची, कुंपणाची, तिकिटाची तेथे काहीच आवश्यकता नाही. गावोगावी जुन्या पाणंदी आहेत, शिवाररस्ते आहेत, गाडीवाटा आहेत. त्यांच्यावरचे अतिक्रमण गावाने मिळून दूर केले, चार ठिकाणी साधे दगड रोवून त्यांवर दोन-दोन ओळी कोरल्या, आणि वाट कोणाच्या बांधावरून जाते त्या शेतकऱ्याला विचारून ती ठरवली, की काम झाले. खर्च लागेल तो दगडांचा, आणि माणसांच्या वेळेचा.

या वाटेवर धावावे की चालावे, असा प्रश्न काही ज्येष्ठांच्या मनात येतो. पवित्र भूमीवर शर्यती कशाला, अशी त्यांची भावना असते. ती समजण्यासारखी आहे. कर्णे लावून, नाचगाण्यांच्या गजरात, टी-शर्ट वाटून होणाऱ्या धावा पाहिल्या की ती पटतेही. पण धावणे हे सैनिकाचेच कर्म आहे. पन्हाळ्यावरून निघालेले मावळे चालत कमी आणि धावत अधिक गेले असतील. मनमाड रस्त्याच्या कडेला मालमोटारींच्या धुरात सराव करणाऱ्या मुलाने महिन्यातून एक रविवार भातवडीच्या पाणंदीतून धावावे आणि शरीफजीराजांच्या समाधीपाशी थांबून दम खावा, यात समाधीचा कोणता अवमान आहे? चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र ज्या शहरात आहे आणि रणगाड्यांचे संग्रहालय जेथे मुलांना आवर्जून दाखवले जाते, त्या शहराने आपल्या मुलांना चिखलात रुतलेल्या तोफांची गोष्टही त्या चिखलातच दाखवावी.

भातोडीला जायचे तर भर पावसात जाऊ नये. कापसाला, तुरीला पाय लागतात आणि शेतकऱ्याचा राग रास्त असतो. दिवाळीनंतरचा एखादा रविवार बरा. सूर्योदयापूर्वी शहर सोडावे, आधी समाधीपाशी जावे, तेथून तलावाच्या बांधावर चढावे आणि पाणी डाव्या-उजव्या हातांना किती खोल आहे, खाली रान कोणत्या बाजूला उतरते, ते नीट पाहून घ्यावे. मग उताराने, पाणी ज्या वाटेने गेले असेल त्याच वाटेने, ओढ्याच्या कडेकडेने खाली चालत सुटावे. सोबत लहान मुले असतील तर त्यांच्यापैकी एकाला लष्करखान करावे आणि छावणी कोठे टाकशील ते विचारावे. बहुतेक मुले पाण्याजवळची सपाट जागा दाखवतात.